आखडलेल्या खांद्याची बखर

फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायची आणि तिच्याखाली एक रेघ मारायची, ही माझी तीस वर्षांची सवय. २००४ सालच्या जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि एके दिवशी तारीख लिहायला हात वर केला, तर तो खांद्याच्या रेषेपाशी येऊन थांबला. दुखत तर आधीचे दोन-तीन महिने होतंच, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. पण हे दुखणं नव्हतं, हे थांबणं होतं. जणू आतून कोणीतरी दोरीने हात बांधून ठेवला होता. वर्ग आठवीचा, सत्तरच्या वर मुलं, सगळी बघत होती. शेवटी मी फळ्याच्या मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर तारीख लिहिली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आमच्या वर्गात तारीख तिथेच लिहिली जात होती.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा भाचीचा फोन आला. वय वर्षे एक्कावन्न. म्हणाली, "मावशी, माझा खांदा फ्रोझन झालाय म्हणे. तुझाही झाला होता ना गं? आपोआप बरा होतो ना?" मी फोनवर "होतो गं, धीर धर" एवढंच म्हणाले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आपण तिला अर्धंच उत्तर दिलं. या "आपोआप बरा होतो ना?" या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय आमच्या घराण्यात तो खांदा काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. तिच्या आजीचाही झाला होता. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं.

मी डॉक्टर नाही. इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई आहे. तेव्हा ही गोष्ट मी इतिहासाचा तास घेतल्यासारखीच सांगणार.

१९६७ साल. आमचं घर वाईजवळच्या एका खेड्यात. मी मॅट्रिकच्या वर्षाला. आई तेव्हा सेहेचाळीसची असेल. आमच्या माजघरात छताला टांगलेल्या दांड्या होत्या आणि त्यांवर धुणं काठीने वाळत घालावं लागे. ओली नऊवारी लुगडी काठीवर घेऊन दांडीवर टाकायची, मग काठीनेच ती पसरायची, हे कसबाचं आणि ताकदीचं काम. त्या पावसाळ्यात आईची काठी वर जाईना. आधी ती दुखतंय म्हणाली, मग म्हणेनाशी झाली. धुणं परसातल्या तुरीच्या कुडावर पडायला लागलं. फडताळावरचा डबा ती आम्हाला काढायला सांगू लागली. आजी म्हणायची, "वरचं काम तेवढं बरं जमत नाही. खालची भाकरी बरी थापता येते!" आणि ते खरंच होतं. हात खाली असताना तिला भाकरी थापता येत होती, केर काढता येत होता. म्हणूनच तर कोणाचा विश्वास बसत नव्हता. सूज नाही, लाली नाही, ताप नाही, पडझड झालेली नाही. बाहेरून बघाल तर हात ठणठणीत.

तिला स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता. सकाळी ती कंगवा घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची. एकदा मी अभ्यासाच्या तंद्रीत म्हणाले, "आई, तुला रोज रोज कसं गं जमत नाही?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीला टेकून, मान वाकडी करून, एका हाताने कसातरी गाठोड्यासारखा अंबाडा बांधू लागली. ते वाक्य मला सदतीस वर्षांनी, माझ्या स्वतःच्या वेणीशी झटापट करताना आठवलं.

आता आधी हे बघू की त्या खांद्यात असतं तरी काय.

आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात खांदा आणि खुबा ही दोन्ही "उखळीच्या सांध्या"ची उदाहरणं असत. पण खरी उखळ असते ती खुब्याला. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात खोल बसलेला असतो. खांद्याला उखळ नसून बशी आहे म्हणा ना. दंडाच्या हाडाचं वरचं टोक एखाद्या मोठ्या लिंबासारखं गोल आणि पाठीवरच्या खवाट्याच्या हाडाला असलेली खाच मात्र उथळ, लहान. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्साच त्या खाचेला टेकलेला असतो. निसर्गाने इथे एक सौदा केलेला आहे. भक्कमपणा थोडा सोडला आणि त्या बदल्यात मोकळीक घेतली. म्हणून तर आपण पाठ खाजवू शकतो, झाडावर चढू शकतो, चेंडू फेकू शकतो. आणि म्हणूनच खांदा इतर कुठल्याही मोठ्या सांध्यापेक्षा जास्त वेळा निखळतो.

मग हा बशीवरचा लिंबू जागेवर राहतो कसा? एक तर त्याला चार बाजूंनी धरणारे चार लहान स्नायू आणि त्यांचे कंडरे. दुसरी गोष्ट म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी. डॉक्टर तिला कॅप्सूल म्हणतात. (आपल्याला कॅप्सूल म्हटलं की औषधाची गोळी आठवते, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी पेटी.) ही पिशवी खाचेच्या कडेला एका बाजूने आणि दंडाच्या हाडाच्या मानेला दुसऱ्या बाजूने चिकटलेली असते, सदऱ्याच्या बाहीसारखी. आतून तिला एक पातळ अस्तर असतं, ते वंगण पुरवतं. पुढच्या बाजूने तिच्यात काही जाड पट्टे विणलेले असतात, ते अस्थिबंध. आणि पुढे वरच्या अंगाला, दोन कंडऱ्यांच्या मधे एक छोटी त्रिकोणी फट असते, तिथे स्नायूचं आवरण नसतं, पिशवी आणि अस्थिबंधच असतात. ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पिशवीचं वैशिष्ट्य म्हणजे ती सैल असते. पूर्वी शिंपी सदरा शिवताना काखेत एक जास्तीचा चौकोनी तुकडा घालायचे, आठवतं? तो तुकडा नसेल तर हात वर केला की सदरा उसवायचा. खांद्याच्या पिशवीलाही काखेच्या बाजूला तशीच जास्तीची घडी असते. हात खाली असला की ती लोंबते, हात वर गेला की उलगडते. निरोगी खांद्याच्या पिशवीत सुईने द्रव भरला तर वीस मिलिलिटर किंवा त्याहूनही जास्त सहज मावतो. आखडलेल्या खांद्यात तो पाच-दहा मिलिलिटरलाच अडतो. म्हणजे सदरा आटला! हाडं तीच, स्नायू तेच, पण काखेतला तुकडा नाहीसा झाला. आईला भाकरी थापता का येत होती आणि काठी वर का नेता येत नव्हती, याचं उत्तर एवढंच. हात खाली असताना त्या घडीची गरजच पडत नाही.

आणखी एक खूण. या रोगात दुसऱ्याने धरून हलवला तरी हात वर जात नाही. नुसता कंडरा दुखावलेला असेल तर माणूस स्वतः हात उचलू शकत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर पुष्कळदा जातो. इथे दोन्ही नाही. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवणं, हे तर सगळ्यात आधी जातं. म्हणजे सोंग घेतलेलं कोणते आणि खरं आखडलेलं कोणतं, हे कळायला दोन मिनिटं पुरतात. आमच्या घरात ती दोन मिनिटं कोणी काढली नाहीत.

हा रोग काही नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या पहिल्याच अध्यायात "अवबाहुक" येतो. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तिथलं बंधन शोषून घेतो आणि सिरा आकुंचित करतो, असं त्याचं वर्णन आहे. माधवनिदानातही तो आहे. आता यावरून लगेच "आमच्याकडे सगळं आधीच ठाऊक होतं" अशी टाळी वाजवायची मला सवय नाही. सुश्रुताच्या वायूची आणि आजच्या सूक्ष्मदर्शकाची भाषा वेगळी. अवबाहुकात आणखीही काही विकार मोडत असतील. पण सांधा सुजला असं न म्हणता बंधन सुकलं आणि आकसलं असं म्हणणारा तो जुना वैद्य रुग्णाचा हात धरून बघत होता, एवढं मात्र मला पक्कं वाटतं.

आधुनिक वैद्यकातली बखर सुरू होते १८७२ साली, पॅरिसमध्ये. सिमॉन दुप्ले नावाचे शल्यविशारद. तोवर खांदा आखडला की तो सांध्याचा संधिवात समजला जाई. दुप्ले म्हणाले, सांधा आतून चांगला आहे, बिघडलंय ते सांध्याच्या आजूबाजूचं. म्हणून त्यांनी नाव दिलं "पेरिआर्थ्रायटिस", सांध्याभोवतीचा दाह. हे नाव इतकं टिकलं की आपल्याकडे अजूनही पुष्कळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "पी. ए. शोल्डर" असं लिहिलेलं दिसतं. माझ्याही चिठ्ठीवर तेच होतं. मला वाटलं, पी. ए. म्हणजे काही पदवी असेल!

दुप्ले यांनी दोष दिला तो खांद्याच्या टोकाखाली असणाऱ्या एका वंगणाच्या पिशवीला. ही सांध्याची पिशवी नव्हे, तिच्या वरची दुसरी. तेवढं त्यांचं चुकलं. उपाय मात्र त्यांनी धीट सांगितला. रुग्णाला भूल द्यायची, हात धरून सांधा मोकळा करायचा आणि मग व्यायाम. ईथरची भूल जगासमोर आली १८४६ साली, क्लोरोफॉर्म १८४७ साली. म्हणजे भूल सापडून पंचवीसच वर्षं झाली होती. भूल दिलेली असणं हा त्या उपायातला अर्धा भाग, हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण आमच्या घरी १९६७ च्या दिवाळीनंतर शेजारच्या गावातला हाडं बसवणारा एक माणूस आणला गेला. दोन काकांनी आईला धरलं आणि त्याने हात ओढला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. आईचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता. पुढचे कित्येक महिने तो हात आणखीच जखडला. सगळं चांगल्या हेतूने झालं हो, पण झालं.

आता या बखरीतला सगळ्यात मोठा माणूस. अर्नेस्ट एमरी कॉडमन, बॉस्टन, जन्म १८६९. "फ्रोझन शोल्डर" हे नाव त्यांचं, त्यांच्या १९३४ सालच्या "द शोल्डर" या ग्रंथातलं. पण त्यांची खरी ओळख खांद्यापेक्षा मोठी आहे.

वैद्यकीचे विद्यार्थी असताना, १८९४ च्या सुमारास, कॉडमन आणि त्यांचे वर्गमित्र हार्वी कुशिंग (पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत ज्यांचं नाव गाजलं) यांना रुग्णांना भूल देण्याचं काम असे. भूल देताना रुग्ण दगावतही. तेव्हा या दोघांनी पैज लावली, कोण जास्त चांगली भूल देतो याची, आणि त्यासाठी नाडी-श्वासाची नोंद कागदावर ठेवायला सुरुवात केली. आज कुठल्याही शस्त्रक्रियेच्या वेळी जो तक्ता भरला जातो त्याचा उगम इथे.

मोजून बघायची ही खोड कॉडमन यांना आयुष्यभर पुरली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नामांकित रुग्णालयात ते शल्यविशारद होते. तिथे त्यांनी एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपण ज्याच्यावर शस्त्रक्रिया केली, तो माणूस वर्षभराने कसा आहे? बरा झाला का? नसेल तर का नाही? चूक कोणाची? प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं, वर्षाने त्याला शोधून काढून त्यावर निकाल लिहायचा. याला त्यांनी "अंतिम निकाल" असं नाव दिलं. तुम्हाला-मला हे अगदी सरळ वाटेल. पण वर्षानुवर्षं ज्येष्ठतेने वर चढलेल्या मोठमोठ्या डॉक्टरांना ते कसं रुचावं? १९११ साली कॉडमन यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९१६ पर्यंत तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचे निकाल छापून प्रसिद्ध केले. त्यात स्वतःच्या रुग्णालयातल्या १२३ चुका मोजून दाखवल्या. स्वतःच्या चुका, स्वतःच्या खर्चाने छापून! मी पस्तीस वर्षं शाळेत काढली, पण "माझ्या शिकवण्यात यंदा इतक्या चुका झाल्या" असं सूचनाफलकावर लावलेलं कधी पाहिलं नाही. माझ्याही हातून लावलं गेलं नाही.

१९१४ मध्ये त्यांनी ज्येष्ठतेनुसार बढतीच्या पद्धतीच्या निषेधार्थ मोठ्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. १९१५ च्या जानेवारीत तर डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी भलंमोठं व्यंगचित्रच उघडून दाखवलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग म्हणजे श्रीमंत जनता, ती मागच्या मागे सोन्याची अंडी डॉक्टरांकडे ढकलतेय आणि उपचारांचा निकाल काय लागतो याची चौकशी करावी की नको, या विचारात वरची मंडळी पडली आहेत. व्हायचं तेच झालं. सभेच्या शल्यविभागाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, हार्वर्डमधलं शिकवण्याचं काम गेलं, मित्र दुरावले.

या सगळ्या काळात खांद्याचा अभ्यास मात्र चालूच होता. १९०६ पासून ते दुखऱ्या, आखडलेल्या खांद्यांवर लिहीत होते. १९३४ सालचा तो ग्रंथही त्यांनी स्वतःच्या पैशाने छापला आणि त्यात खांद्याबरोबर आपली आयुष्यकथाही घातली. आखडलेल्या खांद्याविषयी ते मोकळेपणाने कबूल करतात की हा रोग नेमका काय ते सांगणं अवघड, त्याचं कारण समजावणं अवघड आणि उपचार करणंही अवघड. त्यांना स्वतःला वाटत होतं की मूळ दोष कंडऱ्यांचा असावा. तेही पुढे चुकीचं ठरलं. पण नाव मात्र चिकटलं. आणि त्यांनी सांगितलेला व्यायामही टिकला. कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मी तो स्वयंपाकघरात ओट्याला एक हात टेकून रोज केला आहे. बॉस्टनच्या माणसाने सांगितलेला व्यायाम आपण करतोय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

कॉडमन १९४० साली गेले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला गेला २०१४ साली. आज जगभर रुग्णालयांना जी मानांकनं मिळतात त्यांच्या मुळाशी या माणसाचा तो प्रश्न आहे.

आता आपली पिशवी. दुप्ले यांनी वरची पिशवी म्हटलं, कॉडमन यांनी कंडरे म्हटलं, १९४३ साली न्यूयॉर्कच्या लिपमन यांनी दंडाच्या बेडकीच्या कंडऱ्यावर बोट ठेवलं. खऱ्या जागी पोचले ते वॉशिंग्टनचे ज्युलियस नेव्हियाझर, १९४५ साली. त्यांनी दहा रुग्णांचे असे खांदे शस्त्रक्रियेत उघडून पाहिले आणि ऊतींचे तुकडे तपासले. सांध्याची पिशवीच जाड झालेली, आटलेली आणि हाडाच्या गोळ्याला चिकटलेली दिसली. कातडीवरून चिकटपट्टी ओढावी तशी ती सोडवता येत होती. म्हणून त्यांनी नाव दिलं "अढेसिव्ह कॅप्सुलायटिस", म्हणजे चिकट पिशवीदाह. पिशवीला तिचा मान मिळाला.

पण या नावातलाही अर्धा भाग पुढे गळला. सांध्यात बारीक दुर्बीण घालून बघायची सोय झाली तेव्हा डॉक्टरांना आत लालसर अस्तर दिसलं, जाड आखूड पिशवी दिसली, पण हाडाला चिकटलेलं असं काही सहसा दिसेना. पिशवी चिकटत नाही, आकसते. आणि सगळ्यात जास्त आकसते ती त्या त्रिकोणी फटीपाशी, जी मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितली होती. तिथला अस्थिबंध आखूड झाला की हात बाहेर फिरवताच येत नाही. १९९५ साली इंग्लंडमधल्या बंकर आणि अँथनी यांनी तिथली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिथे तंतू विणणाऱ्या पेशी होत्या आणि त्यांतल्या काही तर स्नायूसारख्या आकुंचन पावणाऱ्या. तळहाताची बोटं आत वळून बसतात तो एक आजार असतो, दुप्युत्रेंच्या नावाचा. त्यात जे होतं, तसंच हे. पुढच्या अभ्यासांत आधी दाह आणि मग तंतूंची वाढ, असं दोन्हींचं चित्र तयार झालं. सुश्रुताचं "बंधन आकसतं" वाचून मला गंमत वाटली ती इथे.

आता भाचीचा प्रश्न. आपोआप बरा होतो ना?

कॉडमन यांचं ठाम मत होतं की उपचार करा वा न करा, साधारण दोन वर्षांत हा खांदा बरा होतोच. हे वाक्य पुढे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं. पण कॉडमन यांनीच शिकवलं होतं ना, की रुग्णाला नंतर शोधून काढून विचारा? ते कोणीतरी खरंच केलं. १९७५ साली रीव्ह्ज यांनी ४१ रुग्णांचा पाच ते दहा वर्षं पाठपुरावा केला. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग सुटण्याचा, असे तीन टप्पे त्यांनी मांडले आणि सगळं मिळून सरासरी अडीच वर्षं लागल्याचं नोंदवलं. निम्म्याहून जास्त जणांचा हात पूर्वीइतका पुरता वळत नव्हता, पण रोजच्या कामात खरी अडचण येणारे तिघेच निघाले. १९९२ साली अमेरिकेत ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी तपासलं, तेव्हा निम्म्या जणांना थोडं दुखणं किंवा थोडा ताठरपणा उरलेला होता. म्हणजे कॉडमन यांच्याच कसोटीवर कॉडमन यांचं वाक्य थोडं कमी उतरलं. मला वाटतं, त्यांना याचं वाईट वाटलं नसतं. त्यांनी ते कार्डावर लिहून छापलं असतं.

दुसरी गोष्ट साखरेची. १९७२ साली ब्रिजमन यांनी ८०० मधुमेही आणि ६०० मधुमेह नसलेले लोक तपासले. मधुमेहींमध्ये हा विकार १०.८ टक्के, इतरांत २.३ टक्के. माझा खांदा तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी लिहिली ती रक्तातल्या साखरेची. ती वाढलेली निघाली. मला त्याआधी पत्ताच नव्हता. खांद्याने चहाडी केली म्हणून लवकर कळलं. आईचा मधुमेह तिच्या साठीनंतर, पायाची जखम भरेना तेव्हा कळला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. सांगून काय होतं ते ती एकदा बघून बसली होती.

आणि उपचार? २०२० साली ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर मोठी तुलना प्रसिद्ध झाली. भूल देऊन हात मोकळा करणं (दुप्लेंचाच वारसा), दुर्बिणीतून पिशवी कापून सैल करणं, आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन शिस्तीत फिजिओथेरपी, या तिन्हींमध्ये एकही दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. तिन्हींनी बहुतेकांना बरं वाटलं. इंजेक्शन आणि व्यायामावर माझंही भागलं. पावणेदोन वर्षं लागली. आजही उजवा हात पाठीमागे डाव्याच्या इतका वर जात नाही, चार बोटं कमी पडतो. म्हणजे मी त्या निम्म्यांतली.

जपानी लोक या दुखण्याला "पन्नाशीचा खांदा" म्हणतात. किती सोपं नाव! पन्नाशीच्या आसपास येणारा एक पाहुणा, एवढंच. आमच्या घरी असं एखादं नाव जरी असतं, तरी आजी म्हणाली असती, "अगंबाई, पन्नाशीचा खांदा आलाय वाटतं, राहू दे धुणं." नावाने रोग बरा होत नाही हे खरं. पण नाव असलं की दुखणाऱ्याला साक्षीदार मिळतो.

आईचा खांदा पुढे सुटला. कधी, ते मला सांगता येत नाही, आणि हीच खरी गोष्ट आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले, तेव्हा लुगडी दांडीवर वाळत होती. मी पाहिलं, आणि पाहून अभ्यासाचं पुस्तक उघडलं. आई, आता हात कसा आहे, एवढं मी विचारलं नाही. घरात कोणीच विचारलं नाही. ती १९९१ मध्ये गेली. तिच्या कार्डावरचा निकालाचा रकाना कोराच राहिला.

भाचीला मी काल पुन्हा फोन केला. म्हटलं, बहुतेक बरा होईल, पण वेळ घेईल आणि कदाचित थोडं काही उरेल, त्याला घाबरायचं नाही. साखर तपासून घे. दुखण्याच्या दिवसांत कोणालाही हात ओढू देऊ नकोस, मग तो कितीही नावाजलेला असो. घरच्यांना नाव सांग, म्हणजे ते विश्वास ठेवतील. आणि केस विंचरायला लेकीला बसव, लाजू नकोस.

माझ्या वहीत पुढच्या वर्षीची याच महिन्याची तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी तिला पुन्हा फोन करून हात कसा आहे ते विचारायचं आहे.

असो. आजचा तास इथेच संपवते.